बेडकाचा रंग आणि मेंदूचा ब्रेक



आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय प्राणिशास्त्र. घराण्यात सायन्सला गेलेली ती पहिलीच. आम्ही स्वतः बी. कॉम., म्हणजे जमाखर्चाच्या पलीकडे आमची मजल नाही. गेल्या उन्हाळ्यात तिला पाहायला पाहुणे आले होते. मंडळी शिकलेली, आपल्याच समाजाची, देण्याघेण्याचा शब्द नाही. पोहे झाले, चहा झाला, मुलीशी मोकळेपणाने बोलणे झाले. आठ दिवसांनी मध्यस्थांचा निरोप आला, "मुलगी हुशार आहे, वळणाची आहे, पण मुलाच्या आईच्या मनात जरा उजळ सून आहे."

खरे सांगायचे तर या प्रकरणात आमचाही हात बरबटलेला आहे. मुलीचा बायोडेटा आम्हीच तयार केला होता. मुलगी चांगली सावळी, पण 'वर्ण' या रकान्यात आम्ही 'निमगोरा' असे लिहिले. सगळेच लिहितात म्हणून लिहिले. जातीच्या रकान्यावर विहारात तासभर बोलणारे आम्ही, या रकान्यापुढे मुकाट्याने बसलो.

निरोप आल्यावर वहिनींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलच्या दुकानातून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. वहिनी खूष. महिना-दीड महिन्यात मात्र गाल लालबुंद, उन्हात गेले की आग आग, आणि कपाळभर पुटकुळ्या. शेवटी सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीत नंबर लावला. बंधूंना सुट्टी नव्हती, म्हणून मुलीबरोबर आम्ही गेलो. केस पेपर काढून बाकावर बसलो तर पुढे शंभरावर माणसे. तोंडाला ओढणी गुंडाळून ती पुस्तक वाचत होती. मधेच म्हणाली, "काका, बेडकाचा रंग त्याच्या कातडीच्या हातात नसतो, माहीत आहे का?"

नंबर यायला साडेतीन तास लागले. तेवढ्या वेळात तिने जे सांगितले, आणि पुढे घरी आमच्या चौकशांना कंटाळत जे समजावले, ते आज वाचकांपुढे ठेवतो. चुकले असेल ते आमचे, बरोबर असेल ते तिचे.

बेडूक म्हटले की आपल्याला पहिल्या पावसात डबक्याकाठी डराव डराव करणारा बेडूक आठवतो. पाऊस पडला की त्यातले नर हळदीसारखे पिवळे होतात. पण ती त्यांची लग्नसराई, तो प्रकार वेगळा. पुतणीचा बेडूक दक्षिण आफ्रिकेतला. त्याचे शास्त्रीय नाव झेनोपस. अंग चपटे आणि बुळबुळीत, तोंडात जीभ नाही, मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखे. सगळा जन्म पाण्यात. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, आकाशाकडे लागलेले, कारण बगळा वरूनच येतो.

हा बेडूक पांढऱ्या टबात ठेवला तर काही तासांत फिका पडू लागतो. काळ्या टबात ठेवला तर काळपट होऊ लागतो. पूर्ण रंग चढायला किंवा उतरायला मग काही दिवस जातात. तळ जसा तसे अंग, म्हणजे बगळ्याला दिसत नाही. प्राण बचावण्याची ही युक्ती.

आता कातडीत काय घडते? तिथे फांद्या फुटलेल्या चांदणीसारख्या पेशी असतात आणि त्यांच्यात मेलॅनिन या काळ्या द्रव्याचे अगदी बारीक कण भरलेले असतात. हे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की बेडूक फिका दिसतो. तेच कण फांद्यांच्या टोकापर्यंत पसरले की काळा दिसतो. चिमूटभर काजळ कागदावर ढीग करून ठेवले तर कागद पांढराच दिसतो, बोटाने पसरले तर काळा. काजळ तेवढेच. मुक्काम फार दिवस काळ्या तळावर पडला तर नवे मेलॅनिनही तयार होते, पण ती पुढची गोष्ट. रोजच्या बदलात माल तोच, मांडणी निराळी.

मग मांडणी बदलण्याचा हुकूम कोण देतो?

याचा पहिला धागा 1916 साली अमेरिकेत सापडला. बेनेट ॲलन आणि फिलिप स्मिथ या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, बेडकाच्या अगदी लहान पिलांच्या मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी काढून टाकली. आपण हिला पीयूष ग्रंथी म्हणतो. माणसातही ती असते, वाटाण्याएवढी. ती काढलेली पिले जगली, पण त्यांचे बेडूक झाले नाहीत आणि त्यांचा रंग उडून ती चांदीसारखी फिकी झाली. पुढे 1922 च्या सुमारास एडिंबरोमध्ये लान्सलॉट हॉगबेन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने विंटन या सहकाऱ्याबरोबर मोठ्या बेडकांवर हेच पाहिले. ग्रंथी काढली की बेडूक फिका पडतो आणि फिकाच राहतो. त्याला ग्रंथीचा अर्क टोचला की काळा होतो. म्हणजे कातडी काळी करणारे काहीतरी रसायन ग्रंथीतून रक्तात उतरते. त्या संप्रेरकाला पुढे एमएसएच हे नाव मिळाले.

या हॉगबेनबद्दल थोडे सांगितले पाहिजे. माणूस गरिबीतून वर आलेला, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकलेला. पहिल्या महायुद्धात लष्करात जायला नकार दिला म्हणून 1916 साली त्याने तुरुंग भोगला. सामान्य माणसाला गणित समजावे म्हणून त्याने 1936 साली एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि ते लाखांनी खपले. 1927 साली तो केपटाऊन विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि तिथे त्याला हा झेनोपस भेटला. रंगबदल अभ्यासायला याच्याइतका सोयीचा प्राणी दुसरा नाही, असे त्याच्या ध्यानात आले.

केपटाऊनला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डोळ्याचा प्रश्न हाती घेतला. डोळे गेलेला बेडूक तळाप्रमाणे रंग बदलत नाही. तेव्हा तळाची बातमी डोळ्यातून जाते हे उघड झाले. पण इथे एक खोच आहे, आणि आम्हाला ती फार आवडली. खोलीतला दिवा मंद केला तर बेडकाला टब काळा झाला असे का वाटत नाही? उत्तर असे की बेडूक उजेड मोजत बसत नाही, तो दोन उजेडांची तुलना करतो. वरून येणारा उजेड डोळ्याच्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो. तळावरून परतणारा उजेड पडद्याच्या वरच्या भागावर पडतो. पांढऱ्या तळावर दोन्ही भाग उजळतात. काळ्या तळावर फक्त खालचा. आमच्या भाषेत सांगायचे तर आवक-जावक दोन्ही रजिस्टरे ताडून पाहिल्याशिवाय तो शेरा मारत नाही.

डोळे काढणे, ग्रंथी काढणे, हे ऐकताना आमच्या पोटात कालवले. पंचशीलातले पहिले शील रोज म्हणणाऱ्याला कालवणारच. पुतणीने सांगितले की तिने स्वतः एकही बेडूक कापलेला नाही. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजातली चिरफाड थांबवली आणि आता मुले संगणकावर शिकतात. बरे झाले. पण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हे केले म्हणून आज आपण त्यावर बोलतो आहोत, हेही नाकारून चालत नाही. असो.

केपटाऊनच्या या बेडकाने बायाबापड्यांवर आणखी एक उपकार केला. गाईबैलांच्या पिट्यूटरीचा अर्क टोचला की मादी बेडूक अंडी घालते, असे हॉगबेनला दिसले होते. त्यावरून 1930 नंतरच्या काही वर्षांत केपटाऊनच्याच शापिरो आणि झ्वारेन्स्टाइन यांनी बाईच्या लघवीवरून दिवस गेले की नाही हे सांगणारी चाचणी बसवली. लघवी मादी बेडकाला टोचायची. सकाळपर्यंत तिने अंडी घातली तर बाई गरोदर. बेडूक मरत नाही, काही दिवसांनी पुन्हा कामाला येतो. 1960 च्या आसपासपर्यंत जगभरच्या दवाखान्यांत हे बेडूक पाळलेले असत.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आम्हाला वाटले होते की डोळ्याला काळे दिसले की मेंदू ग्रंथीला सांगत असेल, "चल, काम सुरू कर." पुतणी हसली. म्हणाली, "काका, उलटे आहे."

पिट्यूटरीला तीन भाग असतात. त्यातल्या मधल्या भागातल्या पेशी एमएसएच तयार करतात. या पेशी बेडकाच्या शरीराबाहेर काढून काचेच्या बशीत जगवल्या तरी आपले रसायन सोडतच राहतात. कुणी सांगावे लागत नाही. हा भाग मेंदूपासून तोडून शरीरात दुसरीकडे कलम केला तर बेडूक कायमचा काळा होतो, मग तळ पांढरा असो की काळा. म्हणजे ग्रंथीचा स्वभावच काम करण्याचा आहे आणि मेंदूचे मुख्य काम तिला थांबवण्याचे आहे. उतारावरच्या गाडीला ढकलावे लागत नाही, ब्रेक लावावा लागतो, तसे. काळा रंग ही मोकळी सोडलेली अवस्था. फिका रंग टिकवायला मेंदूला सतत ब्रेकवर पाय ठेवून बसावे लागते.

हा ब्रेक नेमका कसा लागतो हे शोधण्यात नेदरलँड्समधल्या नायमेगन शहराच्या विद्यापीठाने कित्येक वर्षे घालवली. ब्रूस जेंक्स आणि एरिक रूबोस ही त्यातली दोन प्रमुख नावे. त्यांना आढळले ते असे. डोळ्यांतून आलेल्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वरच्या अंगाला मेंदूत चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तिथून निघालेले मज्जातंतू थेट ग्रंथीच्या मधल्या भागात उतरतात आणि एमएसएच बनवणाऱ्या पेशींना जाऊन भिडतात. तळ पांढरा असला की हे तंतू जागे होतात. त्यांच्या टोकांतून एक सोडून तीन रसायने सुटतात. त्यांची नावे डोपामिन, गाबा आणि न्यूरोपेप्टाइड वाय. तिन्ही थांबवणारीच. मग एकाच कामाला तीन माणसे कशाला, असा आमचा ऑफिसातला प्रश्न. त्यावर उत्तर असे की प्रत्येकाची चाल निराळी. गाबा चटकन काम करून बाजूला होतो. न्यूरोपेप्टाइड वाय सावकाश चढतो आणि बराच वेळ टिकतो. हातब्रेक वेगळा आणि पायब्रेक वेगळा, हे एस.टी.च्या ड्रायव्हरला सांगायला नको.

पेशीच्या आत शिरले तर आणखी गंमत. 1990 नंतरच्या दशकात या शास्त्रज्ञांनी पाहिले की एमएसएचच्या पेशीत कॅल्शियमचे प्रमाण ठरावीक अंतराने एकदम वाढते आणि उतरते, वाढते आणि उतरते. नाडीसारखे. या ठोक्यांच्या जोरावर संप्रेरक बाहेर पडते. ब्रेकची रसायने आली की ठोके थांबतात. पाय उचलला की पुन्हा सुरू.

तळ काळा झाला की मात्र मेंदू केवळ ब्रेक सोडून गप्प बसत नाही. मेंदूच्या दुसऱ्या भागांतून जोर देणारी रसायनेही येतात. त्यातले एक आपल्या शरीरात थायरॉईडचे काम हलवणारे रसायन आहे. बेडकात तेच रंगाच्या कामाला लावलेले दिसते. निसर्ग नवे पद निर्माण करण्यापेक्षा जुन्याच माणसाकडे अतिरिक्त कार्यभार देतो. आमच्या खात्यात हेच चालते, फक्त निसर्गाचे काम अडत नाही.

पांढऱ्या तळावरच्या बेडकाच्या या पेशी पाहिल्या तर त्या लहान असतात आणि आत तयार मालाच्या पुड्या साठवलेल्या असतात. माल तयार, पण गेटपास नाही. काळ्या तळावर काही दिवस काढलेल्या बेडकाच्या पेशी फुगून मोठ्या झालेल्या असतात. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू आणि गोदाम रिकामे, कारण निघेल तसा माल रवाना होतो. आम्ही तरुणपणी दोन वर्षे एका गिरणीच्या स्टोअरमध्ये होतो, म्हणून हे चित्र डोळ्यांपुढे लगेच उभे राहिले. गिरणी गेली, गोदाम गेले. असो.

आणखी एक. एमएसएच थेट तयार होत नाही. आधी एक लांबलचक प्रथिन बनते आणि मग त्याचे तुकडे केले जातात. मधल्या भागात तुकडा पडतो तो एमएसएचचा. पुढच्या भागातल्या काही पेशींत त्याच प्रथिनातून एसीटीएच नावाचा तुकडा पडतो, जो मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कामाला लावतो. एकाच ताग्यातून शिंप्याने शर्ट बेतावा नाहीतर झबले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

"सरड्यासारखा रंग बदलतो," असे आपण दलबदलू पुढाऱ्यांना म्हणतो. बेडकाला मात्र ते लावू नये. काही माशांत आणि आफ्रिकेतल्या शॅमेलिऑन सरड्यात मेंदूच्या नसा थेट कातडीपर्यंत जातात, म्हणून त्यांचा रंग मिनिटांत पालटतो. बेडकात नस ग्रंथीपाशी थांबते आणि पुढचा प्रवास रक्तातून होतो. सावकाश चालणारी टपाल. आणि त्यात बेडकाच्या मनाचा काही संबंध नाही. तळ दिसला, तुलना झाली, ब्रेक लागला किंवा सुटला.

हॉगबेन केपटाऊनला फार काळ राहिला नाही. बेडूक मनासारखे होते, देश नव्हता. तिथला वर्णभेद त्याला सहन होईना आणि 1930 साली तो लंडनला परतला. बाबासाहेबांनी 1923 साली जिथून डी. एस्सी. मिळवली त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तो सामाजिक जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्या काळी उच्च वंश, नीच वंश अशी भाषा विज्ञानाचा आव आणून बोलली जात असे. सुप्रजननाच्या नावाखाली कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत, याचे सल्ले दिले जात. हॉगबेनने त्यावर पुस्तके लिहून टीका केली. बेडकाची कातडी आयुष्यभर भिंगाखाली पाहिलेला माणूस माणसांच्या कातडीवरून भुलला नाही, याचे आम्हाला कौतुक वाटते.

तो सोडून आला त्या देशात पुढे 1950 साली कायदाच झाला, प्रत्येक माणसाची नोंद गोरा, काळा, मिश्रवर्णी अशी सरकारी रजिस्टरात करण्याचा. सँड्रा लेंग नावाची मुलगी 1955 साली तिथे जन्मली. आईबाप गोरे, नोंदलेले गोरे. मुलीचा रंग मात्र सावळा आणि केस कुरळे. 1966 साली, दहा वर्षांची असताना, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढले आणि रजिस्टरात मिश्रवर्णी केले. बाप भांडला, नियम बदलला आणि 1967 साली ती पुन्हा गोरी झाली. मोठेपणी तिला मुले झाली. ती आपल्याजवळ राहावीत म्हणून तिला स्वतःच पुन्हा मिश्रवर्णी नोंद मागत फिरावे लागले. एवढ्या काळात तिची कातडी होती तशीच होती. हा कायदा 1991 साली रद्द झाला.

आम्ही कारकून माणूस. रकाना भरताना पेन कसे चालते हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या कोणी तिच्या नावापुढचा शब्द खोडून दुसरा लिहिला, त्याने बहुधा जेवणाच्या सुट्टीआधी टेबल मोकळे केले असेल. ओपीडीच्या बाकावर बसून पुतणी हे सांगत होती आणि आम्हाला 'निमगोरा' आठवत होता.

वाचक विचारतील, माणसाच्या रंगाचे काय? बेडकाचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. मोठ्या माणसाच्या पिट्यूटरीत मधला भाग नावापुरताच उरलेला असतो आणि आपण कोणत्या रंगाच्या फरशीवर बसलो याने आपला रंग बदलत नाही. आपला रंग मुख्यतः आईबापांकडून येतो आणि वर ऊन पडते. उन्हात कातडी स्वतःच थोडे एमएसएच तयार करते आणि मेलॅनिन वाढते, कारण ते उन्हापासून आतल्या पेशींचे रक्षण करते. आणि एक गोष्ट पुतणीने दोनदा सांगितली म्हणून आम्हीही ठासून लिहितो. सावळ्या माणसाच्या आणि गोऱ्या माणसाच्या कातडीत मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांच्या आकारात, प्रकारात आणि वाटपात.

आता तो तागा आठवा. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी झाल्या तर पिट्यूटरी त्यांना हाकलण्यासाठी एसीटीएच भरमसाट सोडते. एसीटीएचचा सुरुवातीचा भाग एमएसएचसारखाच असल्याने मग कातडी काळवंडते. याला ॲडिसनचा आजार म्हणतात. थॉमस ॲडिसन या डॉक्टराने 1855 साली त्याचे वर्णन केले. क्षयरोग हे त्याचे एक जुने कारण आहे आणि आपल्या वस्त्यांत क्षय काही संपलेला नाही. तेव्हा कुणाचा रंग विनाकारण काळवंडत चालला, हिरड्यांवर आणि तळहाताच्या रेषांत काळेपणा आला, जोडीला थकवा आणि वजनात घट असेल, तर उन्हाने झाले असेल म्हणून बसू नये, डॉक्टरला दाखवावे.

कोडाच्या डागांबद्दलही दोन शब्द. कोडात मेलॅनिनच्या पेशी शरीराच्याच संरक्षक व्यवस्थेकडून मारल्या जातात. तो स्पर्शाने पसरत नाही आणि महारोगाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॉ. ॲरन लर्नर यांनी कातडीच्या रंगाच्या अशाच आजारांवर काही सापडते का म्हणून लाखावर गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथी गोळा केल्या आणि 1958 साली बेडकाची कातडी फिकी करणारे द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव मेलाटोनिन. माणसाच्या रंगावर त्याचा काही परिणाम झाला नाही, पण ते झोपेचे आणि रात्रीचे संप्रेरक निघाले. उलट एमएसएचच्या धर्तीवर बनवलेले एक औषध, ज्यांना उन्हाचा किरणही सोसत नाही अशा एका दुर्मिळ रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी 2014 साली युरोपात आणि 2019 साली अमेरिकेत मंजूर झाले. ते कातडी काळी करते. म्हणजे जगात काही माणसे अशीही आहेत, ज्यांना सावळेपणा मोठ्या औषधाने मिळवावा लागतो.

आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होते, शिवाय मेलॅनिन बनू न देणारे रसायन. अशा मिश्रणाने आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि लावणे एकदम थांबवले की चेहरा आणखी पेटतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते सोडवावे लागते. 2018 साली सरकारने स्टिरॉइडच्या अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची मनाई केली आहे. आमच्या वहिनींना ती ट्यूब बिस्किटाच्या पुड्यासारखी काउंटरवरून मिळाली. ज्या माताभगिनींच्या घरात अशी ट्यूब असेल त्यांनी ती घेऊन सरळ त्वचारोगाच्या ओपीडीत जावे. केस पेपरचा खर्च ट्यूबपेक्षा कमी आहे.

घरी आल्यावर वहिनी दोन दिवस आमच्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, मला कुणी सांगितलेच नाही हो." वहिनींना तरी काय बोलणार? मुलीचे लग्न ठरेना म्हणून त्यांची झोप उडालेली. आमच्या मातोश्री मात्र भडकल्या. "माझा रंग असाच होता, तुझ्या सासऱ्यांनी कधी विचारले नाही," म्हणाल्या. यावर कुणी काही बोलले नाही.

चार महिने झाले. गालावरची लाली बरीच उतरली आहे. मुलीची शेवटची परीक्षा तोंडावर आहे. या आठवड्यात आणखी एका ठिकाणाहून बायोडेटा मागवला आहे. आम्ही ऑफिसातून येताना नवा काढून आणला आणि वर्णाचा रकानाच काढून टाकला. पुतणीने वाचला आणि परत दिला. म्हणाली, "काका, रकाना राहू द्या. सावळी लिहा. ज्यांना यायचे ते ते वाचून येतील." वहिनींचे म्हणणे, सध्या काहीच लिहू नये. कागद अजून आमच्या बॅगेतच आहे. परीक्षा झाल्यावर घरची सगळी बसून ठरवणार आहोत.